सायकलस्वाराची अर्धी विजार

बारामतीहून इंदापूरकडे जाणारा रस्ता काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी अशा गावांना स्पर्श करीत सुमारे पन्नास किलोमीटर जातो, आणि या रस्त्यावर पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत ज्या सायकली धावताना दिसतात, त्यांवर बसलेल्या माणसांच्या पोशाखाकडे मी कित्येक वर्षे मोठ्या आस्थेने पाहत आलो आहे. दुधाच्या किटल्या दोन्ही अंगांना अडकवून संकलन केंद्राची वेळ गाठू पाहणारा शेतकरी आपल्या लेंग्याचा उजवा पायचा पोटरीपर्यंत गुंडाळून घेतो. भवानीनगरच्या छत्रपती साखर कारखान्यात किंवा वालचंदनगरला पाळीवर निघालेला कामगार विजारीच्या त्याच पायच्याला रबराचा पट्टा चढवितो. शाळकरी मुले गणवेशातच असतात, त्यांना निराळा विचार करण्याचे कारण पडत नाही. अलीकडे पहाटेच्या अंधारात आणखी एक वर्ग दृष्टीस पडू लागला आहे. डोक्यावर शिरस्त्राण, बारीक चाकांची हलकी सायकल आणि अंगाला घट्ट बसणारा, भडक रंगांचा पोशाख अशा थाटात ही मंडळी भिगवणपर्यंत जातात, उजनीच्या फुगवट्यावर उतरलेले रोहित पक्षी पाहतात आणि न्याहारीच्या सुमारास घरी परततात. त्यांच्या नेमाविषयी आणि दमाविषयी मला मनापासून आदर वाटतो.

मला लिहावयाचे आहे ते मात्र या दोहोंच्या मधल्या माणसांविषयी. मोटारसायकल घेण्याची ऐपत असून, किंबहुना ती दाराशी उभी असूनही, जी माणसे आपल्या राजीखुशीने घरापासून कचेरीपर्यंत, शाळेपर्यंत, बँकेपर्यंत सायकलीने जातात, त्यांचा हा वर्ग संख्येने लहान असला तरी तो वाढावा अशी माझी उत्कट इच्छा आहे, आणि त्याच्या वाढीच्या आड येणाऱ्या गोष्टींत पोशाखाचा प्रश्न पुष्कळ वरचा आहे, असे माझे निरीक्षण आहे. पूर्ण विजार घालून निघावे, तर साखळीचे वंगण पायच्याला लागते आणि गुडघ्यावर घामाने चिकटलेले कापड प्रत्येक फेऱ्यागणिक पाय मागे ओढते. शर्यतीचा घट्ट पोशाख घालावा, तर त्या वेषात साहेबांसमोर, देवळाच्या पायरीवर किंवा आजारी नातेवाइकाच्या उशाशी उभे राहण्यास मन घेत नाही. परसात पडवीखाली ज्या चांगल्या सायकली धूळ खात उभ्या असतात, त्यांच्या धन्यांना आपण एकदा विचारून पाहावे. पायांत बळ नाही असे त्यांतील फार थोडे सांगतील, बहुतेकांना अडचण वाटते ती सायकलीवरून उतरण्याच्या त्या क्षणाची. म्हणून खोगिरावर सोयीची आणि जमिनीवर साधी दिसणारी अशी अर्धी विजार हा मी एक महत्त्वाचा विषय मानतो.

आपल्या समाजात अर्ध्या विजारीचे स्थान मोठे विलक्षण आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत खाकी चड्डी आणि पांढरा सदरा घालून ज्या पिढ्या शिकल्या, त्यांच्या लेखी पूर्ण विजार मिळणे हीच वयात आल्याची निशाणी होती. मुंबई राज्याच्या पोलीस शिपायाच्या अंगावर एके काळी अर्धीच विजार असे, आणि तिच्यामुळे त्याच्या अधिकाराला यत्किंचितही उणेपणा येत नसे. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या गणवेशातील खाकी अर्धी विजार तर २०१६ सालच्या विजयादशमीपर्यंत टिकून राहिली. तालमीतला पहिलवान लांग-लंगोटावर मातीत उतरतो आणि गाव त्याला खांद्यावर घेते. म्हणजे उघड्या गुडघ्यांचे आपल्याला वावडे आहे असे मुळीच नाही. गणवेश असेल, सराव असेल, आखाडा असेल, तर आपण ते सुखाने मान्य करतो. प्रौढ माणसाने केवळ स्वतःच्या सोयीसाठी, कोणाच्या हुकुमावाचून, अर्धी विजार घालून कचेरीची पायरी चढावी, याला तेवढा आपल्याकडे दस्तूर नाही. घरात घालावयाचा ‘बर्मुडा’ आपण सर्वांनी स्वीकारला आहे. परंतु तो उंबरठ्याच्या आतच राहिला. खुद्द बर्म्युडा बेटावर व्यापारी आणि अधिकारी कोट, गळपट्टी व गुडघ्यापर्यंतचे मोजे यांच्या जोडीला अर्धी विजार घालून आपले कामकाज करतात आणि तो तेथील सभ्य पोशाख समजला जातो, ही गोष्ट आपल्या शिरस्तेदार मनाने ध्यानात घेण्याजोगी आहे.

सायकलस्वाराच्या पोशाखाची परीक्षा उतरल्यावर होते, याचा एक जुना दाखला इंग्लंडात सापडतो. १८९८ च्या ऑक्टोबरात सरे परगण्यातील ऑकम या गावी हॉटबॉय नावाच्या पथिकाश्रमात लेडी हार्बर्टन ही वयस्क आणि कुलीन स्त्री सायकलीने पोहोचली. सायकलीसाठी म्हणून तिने झग्याऐवजी गुडघ्याखाली आवळलेली सैल विजार घातली होती, एवढ्याच कारणावरून मालकिणीने तिला प्रतिष्ठित पाहुण्यांच्या दालनात बसू देण्याचे नाकारले आणि मद्यगृहालगतची खोली दाखविली. सायकलस्वारांच्या संघाने फिर्याद लावली, पुढील वर्षी खटला चालला, आणि निकाल मालकिणीच्या बाजूने लागला. रस्त्यावरून ती स्त्री मैलोगणती विनासायास आली होती. तिला अडविले ते दाराने. आज त्या विजारीकडे पाहून कोणाची भुवईदेखील उंचावणार नाही, इतके जग पालटले आहे. परंतु दार नावाची वस्तू अजून आहे, आणि ते आपल्याला उघडे मिळावे यासाठी पोशाखाने थोडे सौजन्य दाखवावे, असे मला वाटते. काश्मिरी पंडित क्षेमेंद्र याने अकराव्या शतकात औचित्याचा विचार मांडताना अलंकारांचेच उदाहरण घेतले आहे: मेखला गळ्यात घातली आणि हार कमरेला बांधला, तर दोन्ही मोलाचे असूनही हसे होते. शर्यतीचा पोशाख शर्यतीत सुंदरच दिसतो. कचेरीला निघालेल्या माणसाचे काम निराळे आहे, म्हणून त्याचे वस्त्रही निराळे हवे.

तर मग ते कसे असावे? याचा उलगडा मला बारामतीच्या पेठेतील एका वृद्ध शिंप्याने केला. त्यांना सगळे मास्तर म्हणतात, मीही म्हणतो. तयार विजारी मांडीच्या जोडाशी का काचतात असे मी त्यांना विचारले, तेव्हा हातातली कात्री खाली ठेवून ते म्हणाले, “सर, पँट उभ्या माणसाच्या मापानं बेततात. बसल्या माणसाचं माप कुणी देतच नाही.” आणि मग त्यांनी मला सायकल दुकानासमोर स्टँडवर लावावयास सांगितली, तीवर बसविले, पायटा एकदा वर आणि एकदा खाली आणवून कमरेपासून खोगिरापर्यंत आणि खोगिरापासून गुडघ्यापर्यंत फीत धरली. उभ्या मापापेक्षा मागची उंची चांगली तीन बोटे अधिक भरली आणि पुढची तेवढीच कमी. पुढे वाकलेल्या माणसाची पाठ लांबते आणि पोटाशी कापडाच्या घड्या पडतात, ही इतकी उघड गोष्ट. पण बाजारातल्या बहुतेक विजारींना ती ठाऊक नसते, म्हणूनच सायकलीवर बसलेल्या माणसाची विजार मागून खाली सरकते आणि सदरा वर जातो.

मास्तरांनी दाखविलेली दुसरी गोष्ट याहून मोलाची होती. नेहमीच्या विजारीत पुढची, मागची आणि दोन्ही पायांच्या आतल्या बाजूंची अशा चार शिवणी नेमक्या एकाच बिंदूत येऊन मिळतात, आणि सायकलीवर बसले असता शरीराचा भार ज्या जागी खोगिरावर टेकतो त्या जागेला लागूनच तो बिंदू पडतो. कापडाच्या दुमडींवर दुमडी साचून तेथे गाठीसारखा जाड उंचवटा होतो, आणि घामाने भिजलेली त्वचा त्यावर तासभर घासली गेली की होणारे क्लेश ज्याने भोगले आहेत त्यालाच समजतील. त्यावर उपाय जुनाच आहे. मांडीच्या जोडावर शंकरपाळ्याच्या आकाराची एक कळी स्वतंत्र बेतून बसवावी, म्हणजे शिवणी त्या बिंदूपासून चारी दिशांना दूर सरतात, खोगिराला लागणारी जागा सपाट राहते, आणि टांग टाकताना कापड ताणून फाटण्याचे भयही उरत नाही.

हे ऐकत असता माझ्या मनात सारखे धोतर येत होते. काटेवाडीत आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी येते, तेव्हा तेथील परीट समाजाची मंडळी तिच्यापुढे धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, हा सोहळा आमच्या तालुक्यात सर्वांनी पाहिलेला असतो. एरवी निऱ्यांत आणि कासोट्यात लपलेले ते वस्त्र तेथे रस्त्यावर सपाट पसरलेले दिसते, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यात एकही शिवण नसते. कासोटा मागे घट्ट खोवून आमचे वाडवडील घोड्यावर बसले, मोटेच्या नाड्यावर बसले, आणि सायकल आली तेव्हा सोगा वर खोचून सायकलीवरही बसले; त्यांच्यापैकी कोणी खोगीर काचते अशी तक्रार केल्याचे मी ऐकलेले नाही. माता-भगिनींच्या नऊवारीचीही तीच रीत. धोतर परत यावे असे माझे म्हणणे नाही, कारण साखळीला आणि आऱ्यांना सुटे कापड फार प्रिय असते व त्यातून अपघात घडतात. परंतु दोन पायांमधल्या जागेत कापड सपाट, सैल आणि गाठीवाचून असावे, हे ज्ञान आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते, आणि ते आपण शिवलेल्या विजारीच्या मोबदल्यात देऊन टाकले, याची खंत मला वाटते.

कापडाचा प्रश्न हवेशी निगडित आहे. आमचा मुलूख पर्जन्यछायेचा. नीरा डाव्या कालव्याच्या काठाने हिरवा पट्टा उमटला असला, तरी चैत्र-वैशाखात पारा चाळिशीला टेकतो आणि हवा इतकी कोरडी असते की उघड्या हातावरचा घाम दिसेपर्यंतही थांबत नाही. जेथे शरीर आणि खोगीर यांमध्ये कापड दाबलेले असते तेथे मात्र वारा पोहोचत नाही. निव्वळ सुती कापड घाम पिऊन जड होते आणि तेथे तसेच ओले राहते. वाळले तर मिठाची पांढरी रेघ सोडते आणि कडक होते. निव्वळ कृत्रिम धाग्याचे कापड लवकर सुकते खरे, पण त्याचा स्पर्श उन्हात नकोसा होतो आणि वास धुऊनही जात नाही. माझ्या अनुभवात सर्वांत चांगले ठरले ते दोहोंचे मिश्रण, ड्रिलसारख्या तिरप्या विणीचे, ज्यात ताण देणाऱ्या धाग्याचा अगदी थोडा अंश आहे असे. हा ताणणारा धागा १९५८ साली अमेरिकेतील ड्यू पॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनतज्ज्ञाने सिद्ध केला आणि ‘लायक्रा’ या नावाने तो जगभर गेला. शर्यतीच्या घट्ट विजारी त्याच्याच बळावर उभ्या आहेत. साध्या विजारीत त्याचा चिमूटभर अंश पुरतो. तेवढ्याने गुडघा वर येताना कापड वाट देते आणि उतरल्यावर पुन्हा आपल्या घडीत येते. तिरप्या विणीचे कापड खोगिराच्या घर्षणाला साध्या विणीपेक्षा अधिक काळ तोंड देते, हा त्याचा आणखी एक गुण.

आतून गादी लावलेल्या विजारीविषयी लोक मला नेहमी विचारतात. शर्यतीच्या विजारीत पूर्वी शॅमॉय नावाचे मऊ कातडे लावीत, आता त्या जागी कृत्रिम स्पंज आला आहे. कचेरीपर्यंतच्या चार-सहा किलोमीटरांना तिची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. बसलेल्या माणसाचा भार बैठकीच्या दोन हाडांवर पडावयास हवा. गादी फार जाड व मऊ असली की ती हाडे तीत रुततात आणि दाब मधल्या नाजूक भागावर येतो, जेथे तो येता कामा नये. काळ्या, उभ्या बसणीच्या सायकलीवर सगळा भार मागच्या अंगाला असतो आणि रुंद, स्प्रिंगदार खोगीरच गादीचे काम करते. इंदापूरला जाऊन परत यावयाचे असेल, तेव्हा साध्या विजारीच्या आत पातळ गादीची घट्ट चड्डी घालावी, आणि तिच्या आत दुसरे काहीही घालू नये, कारण त्या दुसऱ्या वस्त्राच्या शिवणी गादीचा सगळा उपयोग नाहीसा करतात. बाहेरून पाहणाऱ्याला या योजनेचा मागमूसही लागत नाही.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगण्यासारख्या आहेत. लांबी गुडघ्याच्या वाटीला टेकेल इतकी असावी. बसल्यावर ती आपोआप वर जाते. पायचा फार घेरदार असला तर उठताना खोगिराच्या नाकाला अडकतो, म्हणून मांडीला सैल आणि तोंडाशी आटोपशीर हे बरे. पुढच्या खिशात किल्ली ठेवली तर ती मांडीत रुतते आणि मागच्या खिशातले पाकीट रस्त्यात पडते. त्यासाठी मांडीच्या बाहेरच्या अंगाला चेन लावलेला एक सपाट खिसा हवा. रंग राखी, काळपट निळा किंवा आमच्या काळ्या मातीचा. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून उडणारी धूळ यांवर दिसत नाही आणि घामाचे डागही लपतात. कमरेला पट्ट्याची जागा असावी, कारण पट्टा आणि आत खोचलेला सदरा एवढ्या दोन गोष्टींनी अर्धी विजार घरगुती न दिसता बाहेरची दिसू लागते.

मास्तरांच्या हातची ती विजार घालून मी पालखी मार्गाने इंदापूरला गेलो, तेव्हा वाटेत लासुर्ण्याला चहासाठी उतरलो. जवळच्या बाकावरचे वृद्ध गृहस्थ माझ्याशी उसाच्या थकलेल्या बिलांविषयी आणि कालव्याच्या आवर्तनाविषयी बोलत राहिले, आणि माझ्या पोशाखाकडे त्यांनी दोनदा पाहिलेही नाही. निमगावात देवळात गेलो. इंदापुरात, जेथे मालोजीराजांच्या गढीच्या खुणा अजून आहेत, तेथील कचेरीत सात-बाराचा उतारा मागावयास खिडकीशी उभा राहिलो. कारकुनाने गट नंबर विचारला आणि दुसरे काही विचारले नाही. शर्यतीच्या पोशाखात असतो तर प्रत्येक ठिकाणी प्रथम सायकलीविषयी बोलावे लागले असते: किती किलोमीटर, कितीची घेतली, कशासाठी. ते प्रश्नही प्रेमाचेच असतात. परंतु ज्या दिवशी सायकल हे केवळ जाण्याचे साधन असते, त्या दिवशी माणसाला इतर चार माणसांसारखे वावरता यावे, यात मोठे सुख आहे, आणि ते सुख मला त्या कळीदार विजारीने दिले.

म्हणूनच बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत जे हाय-टेक टेक्स्टाईल पार्क उभे आहे, जेथे आसपासच्या गावांतल्या स्त्रिया मोठ्या संख्येने शिवणयंत्रांवर काम करतात, त्याच्याविषयी माझ्या मनात एक आशा आहे. इतके कुशल हात जेथे एकत्र आले आहेत, तेथे आपल्याच रस्त्यासाठी, आपल्याच उन्हासाठी आणि बसल्या माणसाच्या मापाने बेतलेले एखादे वस्त्र तयार व्हावे, आणि ते गिरणी कामगारापासून शिक्षकापर्यंत कोणालाही परवडावे, यात अशक्य असे काहीच नाही. पुण्याच्या मोठ्या दुकानांतून मिळणाऱ्या विजारी चांगल्या असतात, पण त्यांच्या किमती पाहिल्या की पाळीवर जाणारा कामगार पायच्याला रबराचा पट्टाच लावणार, हे उघड आहे.

आणि स्त्रियांचा विचार तर अद्याप कोणी केलेलाच नाही. माझी पुतणी भिगवण रस्त्यावरच्या महाविद्यालयात सायकलीने जाते. ओढणी चाकात जाऊ नये म्हणून ती कमरेला बांधते, सलवारीचा घेर सांभाळते, आणि तरीही आठवड्यातून एकदा तरी वंगणाचा डाग घेऊन येते. माझी विजार पाहून तिने मास्तरांकडे जाण्याचा हट्ट धरला. मास्तरांनी माप घेण्यासाठी आपल्या सुनेला बोलाविले, आणि त्या मुलीने, फीत गळ्यात टाकून, पहिल्याच वाक्यात मुद्द्याला हात घातला: “बायकांची बैठकीची हाडं रुंद असतात, मामंजी, कळी एक बोट वाढवा.” लांबी गुडघ्याखाली चार बोटे ठरली, वर गुडघ्याइतका कुर्ता, दोन्ही बाजूंना कट दिलेला, म्हणजे खोगिरावर तो अडकणार नाही. पुतणीने आणखी एक मागणी केली, ती खिशांची. मुलींच्या कपड्यांना खिसे का नसतात हे तिला कधीच समजलेले नाही. खोल असे दोन खिसे आणि त्यांतल्या एकाला चेन, असे वहीत नोंदले गेले. आता तिच्या वर्गातल्या मैत्रिणींनी कापड आणून टाकले आहे, सगळ्यांना ते दसऱ्याच्या आत शिवून हवे आहे, आणि मास्तरांची सून रोज रात्री उशिरापर्यंत मशीनवर बसलेली असते.